एका वाक्यात बसणारा माणूस

लग्नाच्या हॉलमध्ये एका माणसाचं यश मोजायला दुसऱ्या माणसाकडे वेळ किती असतो? स्टेजवरची आहेराची रांग दोन पावलं पुढे सरकेपर्यंत, किंवा बुफेच्या टेबलावर गरम पुऱ्यांचा नवा घाणा येईपर्यंत. तेवढ्यात तीन गोष्टी उरकायच्या असतात. "ओळखलंस का?", "बारीक झालास रे!" आणि "मग, सध्या काय?" पहिलीला उत्तर लागत नाही, कारण ओळखलेलं नसतंच. दुसरी खोटी असते. तिसरीला मात्र उत्तर लागतं आणि ते एका वाक्यात लागतं. आपण दुसरं वाक्य सुरू केलं की विचारणाऱ्याची नजर आपल्या खांद्यावरून जिलबीच्या काउंटरकडे जाते आणि पुन्हा परत येत नाही.

बरीच लग्नं जेवून झाल्यावर माझं ठाम मत झालंय, की आपल्या मध्यमवर्गात यश म्हणतात ते हे वाक्यच. पैसा, अधिकार, समाधान हा सगळा नंतरचा तपशील. एका वाक्यात बसला तो माणूस यशस्वी. दोन वाक्यं लागली तर त्याचं "चाललंय". आणि ज्याच्याविषयी घरचे "म्हणजे त्याचं काय आहे ना..." अशी सुरुवात करतात, त्याच्यासाठी स्थळं बघणं केव्हाच थांबलेलं असतं.

हे वाक्य ज्याचं त्याने म्हणायचं नसतं. ते आईने म्हणायचं. आई आसपास नसेल तर मावशीने, आत्याने, अगदीच कोणी नसेल तर शेजारणीने. वडील म्हणत नाहीत. ते बाजूला उभे राहून, बडीशेप चघळत, "ठीक आहे, चाललंय आपलं" असं म्हणतात. ती नम्रता आहे अशी बाहेरच्यांची समजूत असते. प्रत्यक्षात तो दुजोरा असतो.

आमच्या मावशीकडे सगळ्या घराण्याची वाक्यं तयार असतात. "थोरला बंगळुरूला. मधला अमेरिकेत. धाकटी डॉक्टर, जावईसुद्धा डॉक्टर." दम न घेता. रेल्वे स्टेशनवर सूचना देणाऱ्या बाईंच्या आवाजात असतो तसा एक निर्विकारपणा त्यात असतो. फक्त माझ्यापाशी आली की ती किंचित अडखळते. "हा लिहितो," असं म्हणते, एक श्वास घेते आणि पुढे घाईघाईने जोडते, "आणि ह्याची बायको बँकेत आहे." समोरच्याचा जीव भांड्यात पडतो.

या वाक्यांनाही बाजारभाव असतो आणि तो पडतोही. आजोबांच्या पिढीला "कचेरीत आहे" एवढं पुरत असे. कुठल्या कचेरीत, तिथे काय करतो, हे विचारणं असभ्यपणाचं होतं. १९६९ साली चौदा मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, गावोगावी शाखा निघाल्या आणि "बँकेत आहे" या वाक्याने कचेरीला मागे टाकलं. बँकेतल्या जावयाला सासुरवाडीत पहिलं ताट मिळू लागलं. मग १९८३ मध्ये मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. त्याआधी सगळ्या गावात मिळून एक इंजिनिअर असायचा आणि लोक त्याला दुरून दाखवायचे. परवानगीनंतर काही वर्षांतच इंजिनिअर इतके झाले, की नुसतं "इंजिनिअर आहे" म्हटलं तर लोक "हो, पण नोकरी?" असं विचारू लागले. वाक्य फुटलं. मग "अमेरिकेत असतो" आलं. हे मात्र फार टिकलं. एक तर तिथे तो नक्की काय करतो हे इथल्या कोणालाच तपासता येत नव्हतं, आणि दुसरं म्हणजे तो लग्नाला येतच नसे. अनुपस्थित माणसाइतका यशस्वी कोणी नसतो. २०२५ च्या सप्टेंबरात नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं, तेव्हापासून मावशीही हे वाक्य जरा जपून वापरते. "सध्या तरी तिकडेच आहे," असं म्हणते.

आता वाक्यात आकडा आलाय. "पॅकेज अठरा." अठरा काय, हे सांगायचं नाही. मला या पॅकेज नावाच्या गोष्टीचं फार कौतुक आहे. त्यात मूळ पगार असतो, कंपनी भरते तो पीएफ असतो, आजारी पडलात तरच उपयोगी पडणारा विमा असतो, साहेब खूश राहिला तर मिळणारा बोनस असतो आणि पाच वर्षं टिकलात तर मिळू शकणारी ग्रॅच्युइटीही असते. म्हणजे माणसाच्या हातात येणारे पैसे आणि कधीच येणार नाहीत ते पैसे यांची बेरीज. वधूवर सूचक मंडळाच्या फॉर्मवर मात्र ही बेरीजच लिहितात. भाच्याचं लग्न ठरत होतं तेव्हा मुलीच्या वडिलांनी, जे आयुष्यभर कॉस्ट अकाउंटंट होते, शांतपणे विचारलं, "आणि हातात?" खोलीत अशी शांतता पसरली की जणू त्यांनी मुलाचे दात मोजायला मागितले.

हुद्द्यांचंही तेच. भाचा एका परदेशी बँकेत व्हाइस प्रेसिडेंट आहे. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मावशीने देवापुढे साखर ठेवली. पुढे कळलं, की त्याच्या मजल्यावर बहुतेक सगळेच व्हाइस प्रेसिडेंट आहेत आणि जो नाही तो मायक्रोवेव्ह दुरुस्त करायला आलेला असतो. मावशीला हे कोणी सांगितलेलं नाही. सांगणार कोण?

हे वाक्य मिळवायची सुरुवात पूर्वी विशी-बाविशीत व्हायची. आता पहिलं वाक्य पंधराव्या वर्षी हातात ठेवतात. एक काळ होता, दहावीला साठ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास आणि फर्स्ट क्लास म्हणजे वाड्यात पेढे. पंच्याहत्तरला डिस्टिंक्शन, त्याचे पेढे गल्लीत. मग बेस्ट ऑफ फाइव्ह आलं, खेळाचे आणि कलेचे जादा गुण आले आणि टक्केवारी डाळीच्या भावासारखी वर गेली, ती खाली आलीच नाही. २०२४ च्या दहावीत शंभर टक्के मिळवणारे १८७ विद्यार्थी निघाले आणि त्यातले १२३ एकट्या लातूर विभागातले. त्या दिवशी आमच्या सोसायटीत एका मुलाला चौऱ्याण्णव मिळाले होते. शेजारणी त्यांच्याकडे जाऊन आल्या त्या थेट सुतकाला जाऊन आल्यासारख्या. "काही म्हणा, मुलगा हुशार आहे हो," असं म्हणत होत्या. हे वाक्य मी आजवर फक्त नापास मुलांविषयी ऐकलं होतं.

त्याच वर्षीच्या नीट परीक्षेचं तर विचारू नका. जूनमध्ये निकाल लागला तेव्हा ७२० पैकी ७२० मिळवणारे ६७ होते. मग वाढीव गुण रद्द झाले, फेरपरीक्षा झाली, भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाचं उत्तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि जुलैअखेर पहिले आले फक्त १७. पन्नास घरांतलं वाक्य दोन महिन्यांत बदललं. मुलं शहाणी असतात, सावरतात. मला काळजी होती ती चौकाचौकांत लागलेल्या फ्लेक्सची. फ्लेक्सला फेरनिकाल कळत नाही. तो पाऊस येईपर्यंत देशात पहिला आलेला असतो.

आणि मग आहेत वाक्याच्या दारात उभे असलेले. पुण्यात सदाशिव पेठेत, पेरूगेटाच्या आसपास, सकाळी सातला बघा. अभ्यासिकेच्या जिन्यावर चपलांचा ढीग, चहाच्या टपरीवर चालू घडामोडी आणि प्रत्येकाच्या घरी आईच्या तोंडी एकच वाक्य, "एमपीएससी करतोय." हे वाक्य फार चांगलं आहे, पण त्याला मुदत असते. सरकारने खुल्या प्रवर्गाला वयाच्या अडतिसाव्या वर्षापर्यंत मुभा दिली आहे. मावश्यांनी अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत. मधली दहा वर्षं मुलगा लग्नाकार्याला जायचं टाळतो. तो अभ्यासात गढला आहे असं आपण समजतो. तो खरं तर जिलबीच्या काउंटरला घाबरलेला असतो.

या सगळ्याला कंटाळून काही तरुण आयटी सोडून शेती करायला मुळशीला किंवा कोकणात गेले. मला वाटलं, चला, वाक्यातून सुटले. कसले सुटतात! वर्षभरात "आयटी सोडून शेती करतो" हेच वाक्य झालं, आणि त्याला जुन्या वाक्यापेक्षा भाव जास्त. पुरवणीत फोटो येतो. फोटोत तो हातात माती घेऊन हसत असतो. शेजारचा खरा शेतकरी, ज्याच्या हाती माती जन्मापासून आहे, तो त्या फोटोत कधीच नसतो. त्याने काही सोडलेलं नसतं. यशाची व्याख्या बदला असं सांगणारी व्याख्यानंही आता पंचतारांकित हॉटेलात होतात. आगाऊ नोंदणी केली तर सवलत मिळते. वक्त्याची ओळख करून देताना सूत्रसंचालक त्याचं जुनं पॅकेज सांगतो, जे त्याने लाथाडलं. लाथाडलेलं पॅकेज मोठं असावं लागतं. लहान पॅकेज लाथाडणाऱ्याचं व्याख्यान ऐकायला कोण येईल?

कधीकधी माझ्या मनात येतं, की आमच्या मावशीला एकोणिसाव्या शतकात, दापोलीजवळच्या मुरुड गावात नेऊन बसवावं. तिथे एक मुलगा आहे, धोंडो केशव कर्वे. सरकारी परीक्षा द्यायला तो मुरुडहून साताऱ्याला चालत गेला, शंभराहून जास्त मैल, सह्याद्री चढून. परीक्षेला सतरा वर्षं पूर्ण लागत. ती होती. पण समितीच्या प्रमुखांनी त्याच्याकडे पाहिलं आणि हा सतरा वर्षांचा दिसत नाही म्हणून बसूच दिलं नाही. पोरगं आल्या पावली परत. आता मावशीने काय म्हणावं? "परीक्षा झाली का रे?" "नाही. लहान दिसलो."

पुढे या माणसाने आपलं वाक्य छान जमवलं होतं. १८९१ पासून फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्रोफेसर! असं वाक्य आजही चालेल. आणि ते त्यांनी स्वतःच्या हाताने बिघडवलं. १८९३ साली एका विधवेशी पुनर्विवाह केला आणि मुरुडने बहिष्कार टाकला. मग १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला, तो पुढे हिंगण्याच्या माळावर नेला आणि प्रोफेसरसाहेब तिथून शहरात कॉलेजला पायी ये-जा करू लागले. उरलेल्या वेळात वर्गणी मागत फिरायचे. विचार करा, पुण्याच्या एखाद्या पंगतीत कोणी विचारलं असेल, "कर्वे सध्या काय करतात?" उत्तराला वरणभातापासून ताकापर्यंतचा वेळ लागला असेल आणि मध्येच निम्मी पंगत उठून गेली असेल. १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळालं, तेव्हा कुठे एक वाक्य झालं. तेव्हा कर्व्यांनी शंभरी गाठली होती. म्हणजे त्या पंगतीत विचारणाऱ्यांपैकी उत्तर ऐकायला कोणी उरलं नसणार.

त्यांच्या मुलाची गोष्ट आणखी अवघड. रघुनाथराव कर्वेही गणिताचेच प्राध्यापक. त्यांनी संततिनियमनाचा प्रचार सुरू केला, त्यापायी कॉलेजातली नोकरी गेली, आणि १९२७ पासून १९५३ मध्ये मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' नावाचं मासिक पदराला खार लावून चालवलं. खटलेही अंगावर घेतले. वडिलांचं काम सांगायला निदान वेळ लागत होता. मुलाचं काम पंगतीत सांगायचीच सोय नव्हती. बायकापोरं जेवत असायची.

अशी मोठी माणसं सांगितली की लगेच कोणीतरी म्हणतं, पण ते शेवटी यशस्वी झालेच ना! हा युक्तिवाद मला पटत नाही. त्यांना पुढे काय होणार हे माहीत नव्हतं. थोरले कर्वे हिंगण्याहून निघत, शिकवत आणि परत येत. चिखल असे. आणि ज्यांचं पुढे काहीच झालं नाही असेही लोक त्या रस्त्याने चालत असतील. त्यांचं चालणं काही कमी लांबीचं नव्हतं.

पण ते जाऊ द्या. आपण वाक्यवाल्यांकडे परत येऊ, कारण खरी गंमत त्यांच्या शेवटी आहे. हे वाक्य तुमच्या मालकीचं नसतं, भाड्याचं असतं, आणि एका ठरावीक तारखेला ते काढून घेतात. त्या समारंभाला सेवापूर्ती म्हणतात. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ आणि ज्यांनी बावीस वर्षं साहेबांच्या फाइली अडवल्या त्यांचीच भाषणं. "साहेबांच्या जाण्याने पोकळी निर्माण झाली आहे." ती पोकळी सोमवारी सकाळी साडेदहाला भरलेली असते आणि नवे साहेब खुर्चीची उंची कमी-जास्त करून बघत असतात. महाराष्ट्र सरकारात तर आणखी मौज आहे. साहेब अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो आणि त्याच्या दारावरचा शिपाई साठाव्या. म्हणजे ज्याला आयुष्यभर घंटी वाजवून बोलावलं, तोच गडी साहेबांना गाडीपर्यंत सोडून परत येतो आणि पुढची दोन वर्षं नव्या साहेबांना जुन्या साहेबांचे किस्से सांगतो. हुद्द्याच्या शिडीचा हा शेवट कोणत्याही नीतिकथेत आलेला नाही. वित्त विभागाच्या नियमात आहे.

वाक्य गेलेली माणसं ओळखू येतात. दारावरच्या पाटीवर हुद्दा तसाच असतो, पुढे कंसात बारीक अक्षरात 'निवृत्त'. अशा एका पाटीचे गृहस्थ आमच्याकडे सोसायटीच्या सभेत "मी असं प्रस्तावित करतो" म्हणून पाण्याच्या टाकीवर टिपणी लिहितात. मुद्दे क्रमवार असतात. टाकी अर्थातच गळते.

आमच्या काकांचं मात्र उलटं झालं. काका रेल्वेत पार्सल ऑफिसात कारकून होते. घराण्यातलं हे सगळ्यात कमकुवत वाक्य. मावशी ते "रेल्वेत होते" एवढ्यावर आवरते, ऐकणाऱ्याला इंजिन चालवत होते असं वाटलं तर वाटू देते. काकांचे धाकटे बंधू मंत्रालयात वरच्या जागेवर, त्यामुळे लग्नाकार्यात काकांकडे कोणी फारसं बघत नसे. काकांनाही त्याचं काही नव्हतं. ते जिलबी खायचे.

मग काका ऐंशी वर्षांचे झाले आणि त्यांना एक शोध लागला. केंद्र सरकारच्या पेन्शनीत ऐंशी पूर्ण झाल्यावर मूळ पेन्शनीवर वीस टक्के वाढ आहे. पंच्याऐंशीला तीस, नव्वदला चाळीस, पंच्याण्णवला पन्नास. आणि शंभराला शंभर टक्के, म्हणजे मूळ पेन्शन थेट दुप्पट. काकांनी हा तक्ता स्वतःच्या हाताने लिहून कपाटाला आतून चिकटवलाय. "नोकरीत दोनच बढत्या मिळाल्या," ते मला म्हणाले. "एकदा सिनिऑरिटीने, एकदा चुकून. आता बघ. गोपनीय अहवाल नाही, विभागीय परीक्षा नाही, साहेबाची सही नाही. फक्त उठायचं सकाळी."

परीक्षा एकच, तीही वर्षातून एकदा. हयातीचा दाखला. इतर पेन्शनर तो नोव्हेंबरात देतात, पण ऐंशीच्या पुढच्यांना ऑक्टोबरपासूनच देता येतो. नोव्हेंबरपर्यंत थांबवणं सरकारलाही जोखमीचं वाटत असावं. गेल्या खेपेला मी काकांबरोबर गेलो होतो. मशीन त्यांचा अंगठा घेईना. आयुष्यभर पार्सलांना सुतळ्या बांधून बोटांवरच्या रेषा पुसट झालेल्या. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आजोबा, हात पुसून पुन्हा ठेवा." काकांनी ठेवला. मशीनने पुन्हा नकार दिला. "मशीन तुम्हाला ओळखत नाहीये," ती म्हणाली. "लग्नातसुद्धा कोणी ओळखत नाही," काका म्हणाले आणि खुशीत अनामिका पुढे केली. ती चालली. मोबाइलवर निरोप आल्याबरोबर काकांनी तो रांगेतल्या सगळ्यांना दाखवला, आणि रांगेतल्या दोघा-तिघांनी त्यांचं मनापासून अभिनंदन केलं. एवढं निखळ अभिनंदन मी कुठल्याही सत्कारात पाहिलेलं नाही. त्यात कोणाचं काही जात नव्हतं.

परवा त्यांच्याकडे गेलो तेव्हा नातू आला होता, प्रिलिममध्ये अठ्ठ्याऐंशी टक्के पडले म्हणून मान खाली घालून बसलेला. काकांनी कपाट उघडून त्याला तक्ता दाखवला. "मला बघ, वीसच आहेत सध्या. आमच्या घराण्यात शंभर टक्के कोणी मिळवले नाहीत अजून. मी घेणार आहे."

काकू पाण्याचा पेला आणि बीपीची गोळी घेऊन उभ्या होत्या. हल्ली काका गोळी विसरतात.

"घेणार असाल तर ही आधी घ्या," काकू म्हणाल्या. "फॅमिली पेन्शनलाही ऐंशीनंतर हीच वाढ आहे. मी तक्ता नीट वाचलाय."